बाल्कनी केबिन : वरचे पैसे कशाचे आणि जागा कोणती?

सिंगापूरहून पेनांग आणि फुकेत करून परत येणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर आम्ही बाल्कनी असलेली केबिन घेतली होती. आतल्या, म्हणजे खिडकीही नसलेल्या केबिनच्या तुलनेत तिला साधारण दीडपट पैसे पडले. नागपुरात परतल्यापासून ओळखीतले सगळे एकच विचारतात, की ते वरचे पैसे वसूल झाले का. आमचे झाले, परंतु ते केबिनला बाल्कनी होती म्हणून नव्हे, तर ती बाल्कनी जहाजाच्या कोणत्या डेकवर (मजल्यावर), कोणत्या बाजूला आणि कशाच्या खाली होती, यामुळे झाले. दुर्दैवाने बुकिंग करताना हीच माहिती सर्वांत कमी मिळते.

धरमपेठेतल्या ज्या एजंटाकडे आम्ही गेलो, त्याने सुरुवातीलाच ‘गॅरंटी बाल्कनी’ सुचवली, कारण ती स्वस्त होती. या प्रकारात बाल्कनीची हमी असते, पण केबिनचा क्रमांक कंपनी नंतर आपल्या सोयीने देते, आणि इतरांनी निवडून उरलेल्या जागाच बहुधा त्यात जातात. दोन तरुण माणसे फिरायला निघाली असतील, तर हा सौदा वाईट म्हणता येणार नाही. आमच्यासोबत सासूबाई होत्या, त्यांचे गुडघे दुखतात आणि चारही दिवस त्यांचा बराचसा वेळ केबिनमध्येच जाणार हे आधीच स्पष्ट होते. म्हणून आम्ही थोडे जास्त पैसे भरून क्रमांक स्वतः निवडला आणि त्यासाठी जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, मागून घेतला. डेक प्लॅन कंपन्यांच्या संकेतस्थळांवर असतोच, फक्त तो सावकाश वाचण्याची तसदी घ्यावी लागते.

तो वाचताना आपल्या केबिनपेक्षा तिच्या वर आणि खाली काय आहे, याकडे अधिक लक्ष द्यावे. जलतरण तलावाच्या किंवा बुफेच्या थेट खालची केबिन कागदावर उंच आणि ऐटदार दिसते, पण पहाटे कर्मचारी खुर्च्या सरकवू लागले की झोपेचे खोबरे होते. थिएटरच्या वरच्या केबिनमध्ये रात्री उशिरापर्यंत ढोल जाणवतो. वर केबिन, खाली केबिन आणि शेजारच्या केबिनमध्ये उघडणारे मधले दार नाही, अशी जागा मिळाली तर तीच निवडावी. ज्या डेकच्या बाहेर जीवरक्षक नौका टांगलेल्या असतात, तिथल्या आणि लगतच्या वरच्या डेकवरच्या काही बाल्कन्यांमधून समुद्राऐवजी नौकांचे नारिंगी छप्पर दिसते. अशा केबिन ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ म्हणून कमी भावात विकल्या जातात, आणि ज्याला फक्त मोकळी हवा हवी आहे, त्याने त्या खुशाल घ्याव्यात. जहाज लाटांवर हलते तेव्हा टोके जास्त वरखाली होतात आणि मधला भाग कमी. त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी मधला भाग आणि शक्य तितका खालचा डेक बरा. अगदी मागच्या टोकाच्या बाल्कन्या बऱ्याच जहाजांवर खोल असतात आणि तिथून जहाजामागे उमटणारा पांढरा पट्टा सुरेख दिसतो, पण यंत्रांची थरथरही तिथेच अधिक जाणवते.

डावी की उजवी बाजू, हा प्रश्न एजंटाला अगदीच फिजूल वाटला, आणि आमच्या सफरीत सर्वाधिक फरक त्यानेच पडला. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जहाज जाताना वायव्येकडे आणि परतताना आग्नेयेकडे तोंड करून चालते. फुकेतहून परतीच्या वाटेवर एक पूर्ण दिवस समुद्रातच जातो, आणि त्या दिवशी डावी बाजू ईशान्येकडे असते. म्हणजे सकाळी कोवळे ऊन आणि दुपारनंतर सावली. उजव्या बाजूच्या लोकांना सूर्यास्त मिळतो खरा, पण विषुववृत्ताजवळची दुपारही पूर्ण सोसावी लागते. शिवाय या सामुद्रधुनीत ठरवून दिलेल्या मार्गांवर जहाजे आपापल्या उजव्या बाजूने चालतात, आपल्या रस्त्यांच्या अगदी उलट. त्यामुळे समोरून येणारी जहाजे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा डावीकडूनच जवळून जातात. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी हा एक असून सिंगापूरजवळ तो जेमतेम तीन किलोमीटर इतका अरुंद होतो. कंटेनरांच्या उतरंडी, खोल बुडालेले तेलवाहू टँकर, त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या मासेमारीच्या होड्या, हे सगळे डावीकडच्या बाल्कनीतून बसल्या जागी दिसते. सासूबाईंना वरच्या डेकवरच्या कार्यक्रमांना चला म्हटले की त्या म्हणत, “काऊन जायचं वर? इथंच बरं आहे मला. तुम्ही या जाऊन.” त्यांच्यापुरता तर बाल्कनीचा हिशेब तिथेच पूर्ण झाला.

आता प्रत्यक्ष केबिनविषयी. जाहिरातीतला दोनशे चौरस फुटांच्या आसपासचा आकडा बहुधा बाल्कनी धरून असतो. आमची बाल्कनी त्यात चाळीसेक चौरस फुटांची होती. दोन खुर्च्या आणि एक लहान टेबल ठेवले की तिसऱ्या माणसाने दारातच उभे राहावे, अशी ती जागा. सरकते दार चांगलेच जड असून वारा असला की दोन्ही हातांनी ओढावे लागते, आणि ते उघडे राहिले की केबिनचा एसी आपोआप बंद पडतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंश पाहिलेल्या नागपूरकराला उकाड्याचे काय कौतुक, असे वाटेल. पण तिथला उकाडा दमट असतो, दार पाच मिनिटे उघडे राहिले की आरशावर पाणी धरते आणि अंग चिकट होते. कठड्याची काच रोज सकाळी मिठाने धुरकट झालेली असायची. ती स्वच्छ करायला माणूस येत असे, मात्र सांगितल्यावर.

बाल्कनीच्या छताला पाण्याचा फवारा सोडणारी एक तोटी होती आणि फर्निचर साधे, जवळजवळ रुक्ष होते. त्यामागे कारण आहे. मार्च 2006 मध्ये कॅरिबियन समुद्रात ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजावर एका बाल्कनीत आग लागली, बाल्कन्यांमधल्या प्लास्टिकच्या आडोशांमुळे ती झपाट्याने पसरली आणि त्यात एका प्रवाशाचा मृत्यू झाला. न विझलेली सिगारेट हे तिचे संभाव्य कारण मानले गेले. त्यानंतर बाल्कनीतले फर्निचर, आडोसे आणि आग विझवण्याची सोय यांबाबतचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले व ते 2008 पासून लागू झाले. आज बऱ्याच कंपन्या बाल्कनीत सिगारेट ओढू देत नाहीत, आणि कठड्यावर ओले कपडे वाळत घालायलाही मनाई असते. आपल्याकडच्या मंडळींना हा दुसरा नियम पहिल्यापेक्षा जड जातो, हे आमच्या शेजारच्या कठड्यावर फडफडणाऱ्या टॉवेलांवरून कळत होते. कठडा प्रौढ माणसाच्या छातीच्या खालपर्यंत येतो आणि मजबूत असतो, परंतु टेबल किंवा खुर्ची त्याला लावून ठेवली की लहान मुलासाठी ती पायरीच होते. नातवंडे सोबत असतील, तर दाराची वरची कडी कायम लावलेली ठेवावी.

तिघांनी एक केबिन घ्यायची असल्यास आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. तिसरा बिछाना छतातून खाली येणारा आहे, की सोफा उघडून होणारा? आमच्याकडे सोफा होता, आणि तो रात्री उघडला की बाल्कनीच्या दारापर्यंत जायची वाट पूर्ण बंद होत असे. पहाटे उजाडताना बाहेर बसायचे तर आधी झोपलेल्या माणसाला उठवावे लागे. याचा उल्लेख ना माहितीपत्रकात होता, ना एजंटाच्या बोलण्यात. एरवी तिसऱ्या माणसाचे भाडे पहिल्या दोघांपेक्षा कमी पडते, म्हणून ही सोय घेण्याजोगी आहे. बंदर शुल्क आणि सेवकांसाठीची रोजची रक्कम मात्र माणशी वेगळी भरावी लागते, तेव्हा दोन प्रकारच्या केबिनची तुलना करताना ती धरूनच बेरीज करावी.

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझसाठीही बाल्कनी घ्यावी का, असे काहींनी विचारले आहे. नागपूरहून तो प्रवास सोपा आहे; दुरांतोने किंवा विदर्भ एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरले की क्रूझ सुटते तो बॅलार्ड पिअरचा धक्का अगदी जवळ, आणि विमानाचा खर्चही वाचतो. पण संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी गोव्याला पोहोचणाऱ्या सफरीत वाटेचा मोठा भाग अंधारात जातो. या मार्गावर धावलेले कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज 1990 साली बांधलेले आहे, आणि त्या काळातल्या जहाजांवर बाल्कन्या मोजक्याच, तेही महागड्या स्वीटना, म्हणजे ऐसपैस केबिनना, जोडून असत. तिथे खिडकीची केबिन घेऊन उघड्या डेकवर बसणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. लक्षद्वीपची सफर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे समुद्रात उजेडाचे तास पुष्कळ मिळतात, आणि वृद्ध माणूस सोबत असेल तर स्वीटचे भाडे निदान विचारून तरी पाहावे.