पेसमेकरनंतर हाताची झोळी: रात्री चांगली, दिवसभर नको

मेडिकलमध्ये ‘आर्म स्लिंग’ म्हणून मिळणारी ही झोळी मुळात हात मोडलेल्यांसाठी आहे. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी, कुठेही साधी झोळी ₹200 ते ₹400च्या घरात मिळून जाते. मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यात पेसमेकर बसवून गावी परतणाऱ्यांच्या गळ्यातही ती दिसते. हा रिव्ह्यू त्यांच्यापुरता, आणि पेसमेकर डाव्या बाजूला बसवला आहे असं धरून.

झोळी घेताना बहुतेकांच्या मनात एकच भीती असते: हात हलला की पेसमेकरच्या डबीतून हृदयात जाणारी वायर निसटेल. भीती अगदीच खोटी नाही. वायरचं टोक बारीक स्क्रूने किंवा आकड्यांनी हृदयाच्या आतल्या बाजूला धरलेलं असतं, तिथे भोवती ऊतक म्हणजे मांस धरून ते पक्कं व्हायला काही आठवडे लागतात, आणि वायर सरकायची तर बहुधा याच काळात सरकते. पण ऑपरेशन करताना डॉक्टर वायरला आत थोडी ढील ठेवतात आणि कॉलरबोनखाली ती स्नायूला टाक्यांनी बांधतात. त्यामुळे जेवणं, दात घासणं, शर्टाची बटणं लावणं, मोबाइल धरणं यात काही ताणलं जात नाही. धोका आहे तो कोपर खांद्याच्या वर नेण्यात, हिसक्यात आणि वजनात. वलणीवर कपडे टाकणं, पोटमाळ्यावरचं काढणं, रहाट ओढणं, एसटीत वरचा दांडा धरून उभं राहणं, विळीवर नारळ खवणं, हे चार ते सहा आठवडे बंद. वजनाची मर्यादा बहुतेक डॉक्टर चार-पाच किलोच्या आसपास सांगतात. दहा लिटरची भरलेली बादली म्हणजे दहा किलो, तिला डावा हात लावायचा नाही. खाटेवरून उठतानाही डाव्या हातावर भार न देता उजव्या कुशीवर वळून उठावं.

झोळीचा खरा उपयोग कळतो तो रात्री. झोपेत हात आपोआप डोक्याखाली जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. झोळी तो अडवते. म्हणून साधारण पद्धत अशी: पहिले 24 तास झोळी, पुढे आठ-दहा रात्री फक्त झोपताना. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं.

दिवसभर, तेही तीन-तीन आठवडे घातली तर खांदा आखडतो. हात शर्टाच्या बाहीत जात नाही, पाठीमागे पोचत नाही. आखडलेल्या खांद्याची कळ दंडातून खाली उतरते, डावा हात दुखायला लागला की पेशंटला हृदयाचंच काहीतरी वाटतं, आणि तो झोळी आणखी घट्ट करतो. ज्या भीतीवर उपाय म्हणून झोळी आणली, तीच भीती झोळी वाढवते. म्हणून दिवसा झोळी घालावीच लागली तर दर दोन-तीन तासांनी ती काढून मूठ उघडझाप, मनगट गोल, कोपर सरळ-दुमड, आणि खांदा हलकेच पुढे-मागे, कोपर खांद्याखाली ठेवून, असं पाच मिनिटं करायचं. छातीत नवी कळ किंवा धाप आली तर मात्र खांद्याचंच दुखणं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना गाठा.

आता वस्तूबद्दल. घेताना कोपरापासून करंगळीच्या मुळापर्यंत माप घ्या. पिशवी आखूड निघाली तर मनगट बाहेर लोंबतं आणि बोटं सुजतात. पट्टा कोपराकडून पाठीमागून जाऊन उजव्या खांद्यावरून पुढे यायला हवा. घाईत तो डाव्या खांद्यावरून घेतला जातो आणि बरोबर जखमेवर घासतो, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. भार मानेवर नको, खांद्यावर हवा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. कोपर काटकोनात, हात कोपरापेक्षा किंचित वर.

फोमची जाड झोळी दुकानात मऊ लागते, पण आपल्या दमट हवेत घाम धरून बसते आणि पावसाळ्यात धुतली तर वाळता वाळत नाही. कोपराच्या खाचेत घामोळं येतं. जाळीची घ्या. वेलक्रोमध्ये बनियनचे धागे अडकून आठवड्यात पकड सुटते. जुन्या टूथब्रशने साफ करता येतं, तरी बकलवाली जास्त टिकते.

घरचा पंचाही चालतो. मीटरभर चौकोन कर्णात दुमडून त्रिकोण करा, गाठ मानेच्या मागे नको, उजव्या बाजूला हवी. सुती असल्यामुळे घामाचा त्रास कमी आणि खर्च शून्य. पण झोपेत गाठ सुटते, तिथे विकतची बरी.

घाटातून गाडीने येताना झोळी बरी पडते, धक्क्यांनी हात हिसकत नाही. पुढच्या डाव्या सीटवर मात्र बसू नका, तिथला बेल्ट डाव्या खांद्यावरून म्हणजे थेट जखमेवरून जातो. मागच्या उजव्या सीटवर बसलं की बेल्ट उजव्या खांद्यावर येतो. बेल्टच लावायचा नाही, असा मार्ग काढू नका.

झोळीने जे होणार नाही तेही सांगायला हवं. जखमेभोवती निळसर डाग खाली उतरत जातो, त्याला घाबरण्यासारखं काही नाही. पण जखमेखाली रक्त साचून आलेला फुगा वाढत, ताणत चालला, लाली, ताप किंवा पू आला, डावा हात पूर्ण सुजला, चक्कर आली, किंवा उचकी थांबतच नाही आणि पोटाचा वरचा भाग ठोक्यागणिक उडतो, तर ऑपरेशन झालं त्या ठिकाणी त्याच दिवशी फोन. फुग्यातलं रक्त जवळच्या कुणाकडून सुईने काढून घेऊ नका, जंतू आत जाण्याची वाट तीच. हळदीचा लेप, तेल चोळणं नको. कातडीखालची पेसमेकरची डबी बोटांनी चाळत बसणंही नको, फिरली की वायर ओढली जाते.

साध्या जाळीच्या झोळीला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण डब्यातल्या चिठ्ठीमुळे गेला: ती फक्त हाड मोडल्यावर कशी बांधावी एवढंच सांगते, सोडायची कधी याचा एक शब्द नाही.