झॅनाथारचे एनकाउंटर तक्ते: कोण भेटलं ते सांगतात, पुढचं डीएमने ठरवायचं

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाचं 'झॅनाथार्स गाईड टू एव्हरीथिंग' हे नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेलं १९२ पानी पुस्तक बहुतेक जण नव्या सबक्लाससाठी, म्हणजे पात्रांच्या उपप्रकारांसाठी, घेतात. डंजन मास्टरने (डीएम, म्हणजे खेळ चालवणारा) मात्र ते मधल्या वीसेक पानांसाठी घ्यावं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीसाठी रँडम एनकाउंटरचे, म्हणजे प्रवासात अचानक होणाऱ्या गाठीभेटींचे, तक्ते तिथे आहेत. बर्फाळ प्रदेश, समुद्रकिनारा, वाळवंट, जंगल, माळरान, टेकड्या, डोंगर, दलदल, अंडरडार्क (जमिनीखालचं गुहांचं जग), पाण्याखालचं जग आणि शहर, असे अकरा प्रदेश, आणि प्रत्येकाचे पार्टीच्या (खेळाडूंच्या पात्रांच्या गटाच्या) लेव्हलनुसार वेगवेगळे तक्ते. डी१०० टाकायचा ('डी'पुढचा आकडा म्हणजे फाशाच्या बाजू, आधीचा म्हणजे फासे किती), ओळ वाचायची.

यातली खरी मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक ओळीत मारामारी नाही. जंगलाच्या तक्त्यात एक ओळ अशी आहे की काही अंतरापर्यंत पार्टीचं पाऊल पडेल तिथे फुलं उमलतात आणि मंद उजेड देतात. बस, एवढंच. अशा ओळीने प्रवासाला जीव येतो. खेळाडू थांबतात, प्रश्न विचारतात, कुणीतरी फूल तोडून पिशवीत टाकतं आणि तीन सेशननंतर त्याचं काय झालं ते विचारतं. अशी ओळ आली की 'काही घडलं नाही' समजून दुसऱ्यांदा फासा टाकू नका.

आता दोष. लेव्हलचे गट फार रुंद आहेत: १ ते ४, ५ ते १०, ११ ते १६, १७ ते २०. पहिल्या गटातच सगळ्यात जास्त पार्ट्या मरतात, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे.

समजा ओळ आली '२डी४ लांडगे'. सरासरी पाच. २०१४च्या नियमांत एका लांडग्याचे ५० एक्सपी (अनुभवाचे गुण; लढाई किती अवघड हेही त्यावरूनच मोजतात), म्हणजे पाचांचे २५०. तीन ते सहा शत्रू असले की दुपटीने मोजायचं, म्हणून ५००. चार जणांच्या पार्टीला लेव्हल १वर 'डेडली', म्हणजे जीवघेण्या लढाईची सीमा ४०० आहे. हीच पार्टी लेव्हल ४ला गेली की ५०० म्हणजे 'ईझी'. एकच ओळ, एकाच तक्त्यात, एकदा स्मशान आणि एकदा करमणूक. फासे आठवर गेले तर गुणकही वाढतो आणि हिशोब १००० होतो, लेव्हल १च्या 'डेडली'च्या अडीचपट. त्यात लांडग्याचा चावा सरासरी ७ डॅमेजचा, आणि साथीदार शेजारी असला की त्याला अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) मिळतो. आठ हिट पॉइंटचा (किती मार सोसेल ते सांगणारे गुण) विझार्ड, म्हणजे जादूगार, एका चाव्यात जवळजवळ संपतो. २०२४च्या नव्या नियमांनी संख्येचा गुणक काढून टाकला, त्यामुळे आकडा सौम्य दिसतो. पण पाच लांडगे एका राउंडमध्ये पाच वेळा चावतातच.

यावर उपाय सोपा आहे: संख्येचे फासे टाकूच नका. लेव्हल १ला दोन लांडगे, २ला चार, ३ला सहा, ४ला आठ. वरच्याच पद्धतीने मोजलं तर चार जणांसाठी लेव्हल २ ते ४ नेमकी 'मीडियम' बसते आणि लेव्हल १ त्याच्या किंचित खाली राहते. बाकीच्या ओळींनाही वापरण्याआधी असाच हिशोब लावून समासात पेन्सिलीने आकडा लिहून ठेवा. एका तक्त्याला अर्धा तास लागतो, पण तो एकदाच द्यायचा असतो.

दुसरी उणीव अशी की तक्ता बहुतेक वेळा फक्त कोण आणि किती एवढंच सांगतो. किती लांब? काय करताहेत? मनात काय आहे? हे नसलं की नवखा डीएम 'झाडीतून चार गॉब्लिन उडी मारतात, इनिशिएटिव्ह टाका' (लढाईत कोण आधी ते ठरवणारा फासा) असं म्हणून मोकळा होतो, आणि दर वेळी तेच घडतं. म्हणून तीन गोष्टी जोडा.

अंतर: पाचव्या आवृत्तीच्या डीएम स्क्रीनवर (डीएमपुढच्या आडोशाच्या पुठ्ठ्यावर) जंगल आणि दलदलीसाठी २डी८ गुणिले १० फूट दिलंय, सरासरी ९० फूट. माळरानावर ६डी६ गुणिले १०, म्हणजे सरासरी २१० फूट. या आकड्यांनीच निम्मा प्रश्न सुटतो. दोनशे फुटांवर ओगर (धिप्पाड राक्षस) दिसला तर पळता येतं, लपता येतं, हाक मारता येते.

वृत्ती: १९८१च्या बेसिक सेटमधला (याच खेळाची जुनी आवृत्ती) रिअॅक्शन रोल आजही सगळ्यात उत्तम. २डी६ टाका. २ आलं तर लगेच हल्ला, ३ ते ५ वैरभाव, ६ ते ८ काही ठरलेलं नाही, ९ ते ११ हल्ला नाही, निघून जातात किंवा बोलणी ऐकतात, १२ म्हणजे उत्साहाने मैत्री. ३६ पैकी फक्त १० वेळा प्रकरण हातघाईकडे झुकतं.

काम: शिकार, पाणी पिणं, जखमी साथीदाराला ओढणं, वाट चुकणं, कुणाचा तरी पाठलाग, झोप. डी६साठी सहा पर्याय पुरे.

'१ आउलबेअर' (घुबडाच्या तोंडाचं अस्वल) या ओळीत हे तिन्ही घाला: ११० फूट, ७ आलं म्हणून अनिश्चित, हरणाचं धूड ओढत नेतोय. आता पार्टीसमोर निर्णय आहे. लेव्हल १च्या चौघांसाठी हा प्राणी ७०० एक्सपीचा, म्हणजे 'डेडली'च्या पुष्कळ पलीकडे. पण तो जेवणात गुंतलाय, त्यामुळे वळसा घालणं हा शहाणपणाचा मार्ग उघडा राहतो.

किती वेळा टाकायचं हा वादाचा विषय. २०१४च्या डीएम गाईडप्रमाणे डी२०वर १८ किंवा जास्त आलं की एनकाउंटर, म्हणजे १५ टक्के. दिवसातून चारदा टाकलं तर निदान एक एनकाउंटर होण्याची शक्यता साधारण ४८ टक्के होते. १६ आणि १७ वाया घालवू नका: त्यावर फक्त खूण दाखवा, ठसे, विष्ठा, विझलेली चूल. पुढे तो प्राणी आला की खेळाडूंना तो आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही.

मुळात हा फासा वेळेची किंमत वसूल करण्यासाठी होता. १९८१च्या नियमांत डंजनमध्ये दर दोन टर्नला, म्हणजे वीस मिनिटांनी, डी६वर १ आलं की भटका राक्षस यायचा. त्याच्याकडे खजिना फारसा नसायचा आणि एक्सपी मुख्यतः खजिन्याचे मिळायचे. म्हणून लोक रेंगाळत नसत. पाचव्या आवृत्तीत मारल्याचे एक्सपी मिळतात, त्यामुळे तोच राक्षस बक्षीस ठरतो. माइलस्टोनने, म्हणजे कथेतला टप्पा गाठल्यावर, लेव्हल द्या, मग भीती परत येते. शिवाय दिवसात एकच लढाई असेल तर विझार्ड सगळे स्पेल तिथेच ओततो. म्हणून दोन एनकाउंटर एकाच दिवशी येऊ द्या.

लांब कॅम्पेनसाठी (अनेक सेशन चालणाऱ्या कथेसाठी) हा डी१०० तक्ता तसाच वापरू नये. त्यातल्या १९ ओळी उचला आणि डी१२ अधिक डी८वर मांडा. बेरीज २ ते २०. मधल्या ९ ते १३ प्रत्येकी ८.३ टक्के, आणि २ व २० प्रत्येकी ९६त एकदा. मध्यावर तुमच्या दरीत रोज दिसणारे लोक आणि जनावरं ठेवा, टोकांवर ड्रॅगन आणि युनिकॉर्न. एखादी ओळ वापरून झाली की खोडून त्या घटनेचा परिणाम लिहा: लुटारू मेले, तर तिथे त्यांना शोधणारे भाऊ.

सेशनच्या मध्येच पानं उलटत बसलं की टेबलावरचा ताण पार ओसरतो. सहा निकाल घरीच टाकून कार्डांवर लिहून आणा. राक्षसांचे आकडे या पुस्तकात नाहीत, मॉन्स्टर मॅन्युअल जवळ लागतंच. कार्डाच्या मागे एसी (बचावाचा आकडा), हिट पॉइंट आणि हल्ला एवढं उतरवून ठेवा. शेवटच्या परिशिष्टात नावांचे तक्ते आहेत, त्यात भारतीय नावांचाही आहे. माणूस भेटणार असेल त्या कार्डावर तिथलं एक नाव आधीच टाकून ठेवा, कारण लुटारूला खेळाडू पहिला प्रश्न विचारतात तो 'तुझं नाव काय' हाच.