रिहाना, बियॉन्से की किआरा? रॉक बँडच्या तीन इलेक्ट्रॉनिक गाण्यांतून निवडताना

गिटारवर वाढलेल्या कानांना सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारं वाद्य) आणि मशीनचे ठोके सुरुवातीला परके वाटतात. त्यात बँडच्या ओळखीच्या गायकाशेजारी एखादी पॉप गायिका उभी राहिली, की पुष्कळजण गाणं न ऐकताच बाजूला ठेवतात. तुम्ही त्यांच्यातले असाल आणि तरीही एकदा ऐकून बघावं असं वाटत असेल, तर माझ्या मते तीन गाण्यांतून निवड करावी: कोल्डप्लेची ‘प्रिन्सेस ऑफ चायना’ आणि ‘हिम फॉर द वीकेंड’, आणि लिंकिन पार्कचं ‘हेवी’. सिंथ किती आणि गिटार किती हे मोजत बसू नका. पाहुणीला गाण्यात काम काय दिलंय, ते ऐका.

‘प्रिन्सेस ऑफ चायना’त रिहानाला पूर्ण अर्धी बाजू मिळाली आहे. गाणं तुटलेल्या नात्याचं. पहिलं कडवं कोल्डप्लेचा गायक क्रिस मार्टिन याचं, दुसरं तिचं. एकाच गोष्टीची दोन माणसांनी दिलेली साक्ष. तिचा आवाज काढून टाकला तर गोष्टच उरत नाही. २०११च्या ‘मायलो झायलोटो’ अल्बममधलं हे गाणं २०१२मध्ये सिंगल म्हणून आलं. त्यात आइसलँडच्या सिगुर रोस या बँडच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा सॅम्पल केलेला, म्हणजे उचलून नव्या गाण्यात वापरलेला आहे. मला सगळ्यात आवडतो तो त्यातला खरखरीत, जाडाभरडा सिंथ. एरवी वाजत्या गिटारने जो धक्का दिला असता, तो इथे हा सिंथ देतो, म्हणून रॉक ऐकणाऱ्याला इथून आत शिरणं सोपं जातं. दोघांनी ते २०१२च्या ग्रॅमी सोहळ्यात आणि त्याच वर्षी लंडनच्या पॅरालिम्पिकच्या समारोपात एकत्र गायलं. ते ऐकलं की रिहानाच्या आवाजाचं वजन जास्तच जाणवतं.

‘हिम फॉर द वीकेंड’मध्ये बियॉन्से आहे, पण सिंगलवर पाहुणी म्हणून तिचं नाव नाही. तिला स्वतंत्र कडवंही दिलेलं नाही. तिचा आवाज मार्टिनच्या आवाजामागून झळाळी देतो. गाणं मोकळं, उत्सवी, पियानो आणि ठेक्यावर उभं. बियॉन्सेसाठी म्हणून लावाल तर हात रिकामे राहतील. २०१६च्या व्हिडिओतली मुंबई अनेकांना आठवत असेल, आणि त्यातल्या भारताच्या साचेबद्ध चित्रणावरून झालेला वादही. मात्र आधी नुसतं ऐका, चित्र नंतर बघा.

‘हेवी’ फेब्रुवारी २०१७चं. इथे गिटार जवळपास नाहीच, आणि बँडच्या जुन्या चाहत्यांना ते फार लागलं होतं. त्यांचा राग मी समजू शकतो, पण गाण्याला त्या रागाच्या मापाने मोजणं मला पटत नाही. लिंकिन पार्कचा गायक चेस्टर बेनिंग्टन आणि पाहुणी पॉप गायिका किआरा समोरासमोर भांडत नाहीत. एकाच माणसाच्या डोक्यातला गोंधळ दोघांच्या तोंडून बाहेर येतो. चेस्टरचा आवाज इथे ओरडत नाही, थकलेला आणि अगदी जवळचा वाटतो. किआराचा आवाज हलका, जरा तुटक, म्हणून चेस्टरच्या आवाजाशेजारी त्याची गर्दी होत नाही. गाणंही तीन मिनिटांच्या आत संपतं.

मग निवड कशी करायची? एकच ऐकणार असाल तर ‘प्रिन्सेस ऑफ चायना’. मित्रमंडळीत लावायला ‘हिम फॉर द वीकेंड’. लिंकिन पार्कमध्ये तुम्हाला चेस्टरचा आवाज प्रिय असेल तर ‘हेवी’ ऐकाच. गिटारची भिंत हवी असेल तर त्यांचे सुरुवातीचे अल्बम आहेतच. एक मात्र सांगतो, ‘हेवी’ घाईत ऐकू नका. ते आलं आणि पाच महिन्यांनी, २० जुलै २०१७ रोजी, चेस्टर हे जग सोडून गेला. तेव्हापासून या गाण्याचं पहिलं कडवं मी मध्येच बंद करू शकलेलो नाही.