रंग मारलेला डायनामो ‘नवा’ म्हणून विकतात, लातूरकडच्यांनी जपून

लातूरच्या एका पार्टच्या दुकानात मला जुनाच अल्टरनेटर (म्हणजे आपला डायनामो, इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) रंग मारून नवा म्हणून विकला, आणि वर माझा दुरुस्त होण्यासारखा पीस ठेवून घेतला. गाडीचं काम घरी करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

गाडीचा बॅटरीचा लाल दिवा मधूनमधून लागत होता. पुतण्याला हाताशी घेऊन आधी बॅटरीची मायनस वायर सोडली, बेल्ट सैल केला आणि डायनामो उतरवून दुकानात नेला. काउंटरवरच्या माणसाने पुली दोनदा फिरवली आणि सांगून टाकलं, “भाऊ, कॉइल जळालंय. नवा टाका, जुन्याचे पैसे वळते करतो.”

पुली फिरवून फार तर बेअरिंग कळतं, कॉइल नाही. कॉइल जळालं की जळका वास येतो, तारांवरचं व्हार्निश काळं पडतं. आमच्या पिसाला ना वास होता ना काळेपणा. दिवा असा मधूनच लागतो तेव्हा बऱ्याचदा नुसते कार्बन ब्रश (आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे) झिजलेले असतात, आणि ते बदलायला नव्या डायनामोच्या मानाने किरकोळ खर्च येतो. त्यात जुन्या पिसात तांबं असतं, ॲल्युमिनियम असतं. तोच उघडून, रंगवून पुढच्या गिऱ्हाइकाला देता येतो. म्हणून जुना पीस ठेवून घ्यायची एवढी घाई.

‘नवा’ बसवला, मीटर लावला, १४.२ व्होल्ट दाखवले. पण हे आकडे बिनलोडचे, म्हणजे दिवे, एसी काहीच चालू नसतानाचे. पुढे एका रात्री अंबाजोगाईहून येताना हेडलाइट आणि एसी चालू असताना दिवा पुन्हा लागला. घरी इंजिन चालू ठेवून मोजलं तर जेमतेम १२. आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मागचं झाकण उघडलं. स्लिप रिंगवर (ब्रश जिथे घासतात त्या कड्यांवर) ब्रशने पाडलेल्या खोल चऱ्या, डायोड प्लेटवर (एसी करंटचा डीसी करणाऱ्या भागावर) हाताने दिलेले सोल्डरचे डाग, स्क्रूच्या खाचांत भरलेला चंदेरी रंग. “दादा, हा बराच फिरलेला माल आहे,” तो म्हणाला.

दुकानदार म्हणाला, इलेक्ट्रिकल मालाला गॅरंटी नसते, घरी बसवताना तुम्हीच जाळला. पक्कं बिल मी भांडून घेतलं होतं. त्यावर नुसतं ‘अल्टरनेटर १ नग’. नवा की जुना, नंबर काय, काहीच नाही. ही चलाखी नीट लक्षात ठेवा: बिलावर ‘नवा’ हा शब्द, अँपिअर आणि सिरीयल नंबर लिहूनच घ्या.

‘माल परत घेणार नाही’ म्हणून दुकानदार सुटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिलात मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार घेतात. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मी तक्रार केली आहे आणि ती सोडणार नाही.

नवा डायनामो बसवल्यावर हेडलाइट, एसीचा पंखा, मागच्या काचेचा हीटर सगळं लावा, ॲक्सिलरेटर थोडा दाबा आणि मगच व्होल्ट बघा. साध्या जुन्या गाडीत ते साडेतेराच्या आसपास टिकले पाहिजेत. मीटर एसी व्होल्टवर (हा एसी म्हणजे करंटचा प्रकार, गाडीचा एसी नव्हे) करूनही बघा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर डायोड गेलाय. आणि हे सगळं होईपर्यंत जुना पीस कोणाच्याही हातात देऊ नका.