शेवाळाला शेवाळाचाच उतारा: स्क्रबरसोबतचे नऊ महिने

स्क्रबर म्हणजे जाळीवर मुद्दाम शेवाळ वाढवून टाकीतल्या शेवाळाला उपाशी ठेवणारा जुगाड. पण आधी टाकीचं सांगतो. तीन फुटी रीफ टँक (खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी), रॉक-वाळू वजा जाता पाणी दीडशे लिटर, खाली दोन फुटी संप, म्हणजे पाणी गाळून परत वर पाठवणारी जोडटाकी. मासे म्हणजे क्लाउनची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक ब्लेनी. कोरल बहुतेक मऊ जातीचे, आणि कागदपत्रांसकट घेतलेल्या दोन युफिलिया, म्हणजे दगडी जातीचे कोरल. (आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. 'इथलाच आहे, स्वस्तात देतो' म्हणणारा भेटला तर हात जोडून परत फिरावं.)

गेल्या ऑक्टोबरात या टाकीत रॉक दिसतच नव्हते. शेवाळाचे बोटभर लांब हिरवे केस, आणि शेवाळाचं खाद्य म्हणजे नायट्रेट २५ पीपीएम, फॉस्फेट ०.३. दोष माझाच. वर्षभर स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरलं. पिण्यासाठी उत्तम, पण त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ४० आणि रीफला हवा शून्य. माशांचं फ्रोझन खाणंही न धुता, त्याच्या रसासकट टाकत होतो. दर रविवारी टूथब्रश घेऊन बसायचो आणि घासलेले तुकडे नवीन जागी रुजायचे. फॉस्फेट ओढणारे लोखंडी दाणे वापरले, तर आकडा चार दिवस खाली येई आणि रॉकमध्ये मुरलेलं फॉस्फेट पुन्हा पाण्यात उतरे.

मग स्क्रबर केला. कल्पना जुनीच आहे. स्मिथसोनियनच्या वॉल्टर ॲडी यांनी तिचं पेटंट १९८२ सालीच घेतलं होतं. खरबरीत जाळीवरून पाण्याचा पातळ पडदा सोडायचा, दोन्ही बाजूंनी झगझगीत उजेड द्यायचा. टाकीपेक्षा जाळीवर शेवाळाची जास्त चैन झाली की नायट्रेट-फॉस्फेट तेच खातं, आणि आपण ते खरवडून घराबाहेर काढायचं. प्रचलित हिशोब असा की रोज फ्रोझनची एक वडी खाऊ घालत असाल तर १२ चौरस इंच जाळी, आणि रुंदीच्या दर इंचाला ताशी सुमारे १३० लिटर पाणी. जाळी ताईच्या भरतकामाच्या डब्यातली, प्लास्टिक कॅनव्हासची, करवतीच्या पात्याने ओरबाडून घेतलेली. पाइपला खाच पाडून त्यात अडकवली. दिवे ६६० नॅनोमीटरचे लाल एलईडी, रात्रभर धरून १८ तास.

पहिले तीन आठवडे जाळीवर नुसता तपकिरी चिखल. तो पाहून अनेकजण गाशा गुंडाळतात, मीही गुंडाळणार होतो. चौथ्या आठवड्यात हिरवी लव आली आणि डिसेंबरपर्यंत दर आठ दिवसांनी मूठभर शेवाळ निघू लागलं. रॉकवरचे केस आधी फिके पडले, मग ओढले की मुळासकट सुटू लागले. उरलेलं दोन टर्बो गोगलगायींनी फस्त केलं. जानेवारीत रॉक स्वच्छ. मी मित्रांना फोटो पाठवत सुटलो.

आणि फेब्रुवारीत वाळूवर शेंबूड आला. दुसरा शब्द नाही. तपकिरी, लोंबणारा, प्रत्येक धाग्याच्या टोकाला बुडबुडा. दिवसा वाढायचा, रात्री निम्मा गायब. मी त्याला लाल चिकटा, म्हणजे सायनो (सायनोबॅक्टेरिया) समजलो आणि चिकट्यावरची भुकटी टाकली. फेस काढून पाणी साफ करणारा स्किमर उतू गेला, चिकटा तसाच. शेवटी मुलाच्या शाळेच्या मायक्रोस्कोपखाली थेंब ठेवला. सायनो असता तर धागे दिसले असते. इथे बियांसारखे दाणे, टोकाला दोरीने बांधल्यासारखे जागच्या जागी गरगरत होते. ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय जीवांमधला विषारी गडी. माझ्या गोगलगायी का मेल्या ते तेव्हा कळलं.

त्या दिवशी नायट्रेट शून्य, फॉस्फेटही शून्य. पाणी स्वच्छ झालं म्हणून मिरवत होतो ते हेच! स्क्रबरने सगळं चाटून पुसून खाल्लं, रॉकवरचे साधे प्रतिस्पर्धी उपाशी मेले आणि मोकळ्या जागेत हा घुसला. मग उलटा प्रवास: स्क्रबरचा उजेड १८ वरून ९ तासांवर, खाणं दुप्पट, पाणी बदलणं बंद, वर थोडं थोडं सोडियम नायट्रेट. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून पाण्यातले जीव मारणारा यूव्ही दिवा उसनवारीवर लावला. वाळूतच दडून बसणारी ॲम्फिडिनियमसारखी जात असती तर यूव्हीचा उपयोग झाला नसता, म्हणून आधी थेंब बघा, मग खर्च करा. पाच आठवडे लागले. आता नायट्रेट ५ ते ८, फॉस्फेट ०.०५च्या आसपास धरून ठेवतो. काचेवर तीन दिवसांनी हिरवट धूळ बसते आणि ती मला बरी वाटते.

स्क्रबर ठेवणार, यात शंका नाही. रात्रीच्या उजेडामुळे सकाळचा पीएच ७.८ वरून ८ वर आला, हा न मागितलेला फायदा. तक्रारीही आहेत. पाण्याची अखंड तुरतुर, संपच्या कडेला मिठाची पुटं, आणि शेवाळाने पाणी पिवळसर होतं म्हणून ते गाळायला कार्बन ठेवावाच लागतो. फॉस्फेटचं चांगलं टेस्ट किट नसेल तर मात्र याच्या वाटेला जाऊ नका.

मे महिन्यात बारा दिवस गावी गेलो. जाळीवरचा थर इतका जाड झाला की उजेड आतपर्यंत पोचेना, खालचं शेवाळ कुजून सुटलं आणि थेट पाणी वर पाठवणाऱ्या रिटर्न पंपात अडकलं. आता बाहेर जायच्या आदल्या रात्री बॅग भरण्याआधी जाळी खरवडली जाते, आणि शेजारच्या काकांकडे घराच्या चावीसोबत जुनं एटीएम कार्डही असतं, खरवडायला.