फ्रीलान्स काम, घर आणि सामायिक कॅलेंडर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नोकरी सोडून संपादनाची आणि मजकूर-मांडणीची कामे फ्रीलान्स पद्धतीने घेऊ लागल्यावर घरातल्या सर्वांसाठी एकच सामायिक कॅलेंडर ठेवायचे आम्ही ठरवले आणि त्यासाठी गूगल कॅलेंडर निवडले. २००६ पासून वापरात असलेल्या या साधनाची ओळख करून देण्याची गरज नाही. ज्याच्या कामाला ठरलेली वेळ नाही अशा माणसाला घरच्यांसाठी वेळ राखून ठेवायला ते कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरताच हा अनुभव आहे.

गूगलवर कुटुंबाचा गट तयार केला, की त्या गटाचे एक वेगळे कॅलेंडर आपोआप तयार होते. गटात जास्तीत जास्त ६ जण असू शकतात आणि प्रत्येकाला त्या कॅलेंडरमध्ये नोंद करता येते, बदलताही येते. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. स्वतःचे वेळापत्रक घरच्यांना नुसते पाहायला देणे म्हणजे 'मी केव्हा मोकळी आहे ते बघून घ्या' असे सांगणे. त्यांना लिहिण्याचा अधिकार देणे म्हणजे माझ्या वेळेवर त्यांचाही हक्क मान्य करणे. मुलीने स्वतःच्या हाताने संध्याकाळची एक नोंद केली आणि नेमक्या त्याच वेळी एका क्लायंटने बैठक मागितली, तेव्हा 'त्या वेळी मी उपलब्ध नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बोलू' एवढेच कळवून काम भागले. समोरच्याने कारण विचारले नाही. नोकरीत असताना रजेच्या अर्जावर कारण लिहायची सवय अंगवळणी पडलेली असते, म्हणून हे विशेष जाणवले.

कामाचे कॅलेंडर मात्र मी वेगळे ठेवले असून ते घरच्यांना केवळ 'व्यस्त' किंवा 'मोकळी' इतकेच दिसते, कारण क्लायंटची नावे आणि कामाचे तपशील घरभर दिसण्याचे कारण नाही. आरंभी त्या कॅलेंडरमध्ये ज्यांचे पैसे मिळतात तेवढेच तास चढत होते आणि उरलेला दिवस घरच्यांना मोकळा दिसत होता. प्रत्यक्षात कोटेशन तयार करणे, नवीन क्लायंटशी प्राथमिक बोलणी, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा येणाऱ्या दुरुस्त्या, बिले पाठवणे आणि थकलेल्या बिलांची नम्र आठवण करून देणे, यांत दिवसाचा बराच भाग जातो. त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही आणि घरच्यांनाही ते काम वाटत नाही. या बिनमोबदल्याच्या कामांना वेगळा रंग देऊन कॅलेंडरमध्ये जागा दिल्यावर 'तू घरीच तर असतेस' हे वाक्य बरेच कमी झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशा कामांना किती वेळ लागतो याचा अंदाज मला आला आणि त्यानुसार पुढच्या कामांचे दर ठरवता आले. घराला वेळ देण्याचा प्रश्न निम्मा तरी दर ठरवण्याचा असतो असे माझे मत झाले आहे. कमी दराची कामे घेतली की त्यांची संख्या वाढवावी लागते आणि ती वाढ संध्याकाळच्याच वाट्याला येते.

तांत्रिक बाबतीत एकच गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. दिवसभराची म्हणून केलेली नोंद कॅलेंडर सहसा 'मोकळी' धरते, त्यामुळे क्लायंटला वेळ निवडण्यासाठी बुकिंगचे पान पाठवत असाल, तर घरातल्या महत्त्वाच्या दिवशीही त्याला जागा रिकामी दिसू शकते. ती नोंद 'व्यस्त' करावी आणि कुटुंबाच्या कॅलेंडरमधल्या अशा नोंदींत स्वतःला पाहुणे म्हणून जोडून घ्यावे, म्हणजे ती वेळ आपल्या मुख्य कॅलेंडरवरही अडवली जाते.

आता उणी बाजू. नोंद बोटाने ओढून दुसऱ्या दिवशी नेणे फार सोपे आहे आणि डेडलाइनच्या आठवड्यात हा मोह आवरत नाही. त्यावर आम्ही घरापुरता नियम केला, की ज्याने नोंद लिहिली त्यानेच ती हलवायची. मला बदल हवा असेल, तर मी त्या व्यक्तीला समक्ष विचारायचे. ॲपमध्ये तसे बंधन घालता येत नाही, ते आपसांतच पाळावे लागते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ साली केलेला पहिलाच करार उद्योगांतील कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ इतके मर्यादित करण्यासाठी होता. स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार असलेल्यावर अशी मर्यादा घालायला घरच्यांखेरीज कोणी नसते.

काम नसलेल्या आठवड्यांचे मात्र या साधनाला काही करता येत नाही. कॅलेंडर रिकामे असते, घरचे आनंदात असतात आणि माझे लक्ष पुढचे काम कुठून येईल याकडे असते. राखून ठेवलेली वेळ आणि दिलेले लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कॅलेंडर त्यांतली पहिलीच पुरवते. त्या तासांत फोनवरील कामाच्या सूचना बंद ठेवल्याने थोडा फरक पडला, पूर्ण नाही.

सासूबाईंनी ॲप अजून उघडलेले नाही. त्यांच्यासाठी आठवड्याचे पान छापून भिंतीवर लावतो, आणि खरे सांगायचे तर त्या पानाकडे घरात सर्वांचेच अधिक लक्ष जाते. घरात दोघेच असतील आणि दोघांच्याही वेळा ठरलेल्या असतील, तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही, साधी डायरी पुरेल. घरात तीन-चार जण असतील आणि त्यांतल्या एकाच्या कामाची वेळ दर आठवड्याला बदलत असेल, तर हे कॅलेंडर जरूर वापरून पाहावे. फक्त पहिल्याच दिवशी सर्वांना लिहिण्याचा अधिकार द्यावा.