बधिरांध मुलासाठी घरी येणारा कार्यकर्ता, जिल्ह्याचे केंद्र की निवासी शाळा?

ज्या मुलाला ऐकूही कमी येते आणि दिसतेही कमी, त्याच्या घरच्यांना सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. अंगणवाडीताई जिल्हा रुग्णालयात दाखवायला सांगतात, नातेवाईक मुंबईच्या मोठ्या शाळेचे नाव काढतात, शिक्षण विभागाच्या तालुक्यातील गट साधन केंद्राचे विशेष शिक्षक आपण घरी येऊ म्हणतात आणि आजी म्हणते, लेकरू आहे तसे राहू द्या, आम्ही आहोत ना. यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतील खेड्यांत अशा मुलांसोबत एकेकट्याने बसून काम करताना मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच आहे की यांपैकी नेमके कोणाचे ऐकावे. ज्यांना येत्या काही महिन्यांत हा निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांमध्ये बहुविकलांगतेखाली बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. बधिरांध म्हणजे ज्याला काहीच दिसत नाही आणि काहीच ऐकू येत नाही, असा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक मुलांकडे थोडी दृष्टी किंवा थोडे श्रवण उरलेले असते. पुढचा सगळा निर्णय या उरलेल्या भागावर ठरतो, म्हणून तो आधी नीट मोजून घ्यावा. आईला गरोदरपणी रुबेला झालेला असेल, तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयाचा दोष असे एकत्र येऊ शकतात. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत झाली नाही, तर मेंदू पाहायला शिकण्याचा काळ हातचा जातो. अशा बाळाच्या बाबतीत कोणता आधार निवडावा, याची चर्चा रुग्णालयातून आल्यावर करता येईल.

जिल्ह्याच्या केंद्राचे काम इथेच येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील शीघ्र हस्तक्षेप केंद्र, जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र आणि नागपूरचे संयुक्त प्रादेशिक केंद्र या ठिकाणी तपासणी होते, श्रवणयंत्र आणि साहित्याची सोय होते, आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळवण्याचा मार्ग कळतो. ते कार्ड हाती आले की केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळू शकते. तिथे जावेच. पण मूल शिकावे म्हणून दर आठवड्याला दोन एसटी बदलून जाण्याचा बेत बहुतेक घरांत टिकत नाही, कारण प्रत्येक खेपेला आईची मजुरी बुडते आणि तिथे मिळणारा अर्धा-पाऊण तास अनोळखी खोलीत रडण्यात जातो. मूल खरे उमगते ते त्याच्या रोजच्या जागेत, जिथे चुलीत जळणाऱ्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, वासावरून आणि ओसरीवरच्या उन्हाच्या उबेवरून त्याला वेळ कळत असते.

घरी येऊन एकास एक काम म्हणजे काय, हे एका मुलावरून सांगते. सहा वर्षांचा मुलगा होता. उजेड-अंधार कळत होता, मोठा ढोल जवळ वाजला तर मान वळत होती, याहून जास्त काही नाही. आंघोळीच्या वेळी तो इतका किंचाळायचा की शेजारचे धावून येत. घरच्यांना वाटे, त्याला पाण्याची भीती आहे. त्याच्या बाजूने पाहिले, तर कोणीतरी अचानक उचलते, कपडे काढते आणि अंगावर पाणी पडते; आधी काहीच कळलेले नसते. आम्ही एवढेच केले की आंघोळीआधी दर वेळी, न चुकता, तोच पितळी गडू त्याच्या हाती द्यायचा, तो चाचपून होईपर्यंत थांबायचे आणि मग त्याला न्हाणीकडे न्यायचे. जेवणाआधी ताटली, बाहेर जाण्याआधी चप्पल, गोठ्याकडे जाण्याआधी दाव्याचा तुकडा. पहिले दोन महिने काही बदलले नाही आणि त्याची आई मला स्पष्ट म्हणाली की हे खेळ आहेत. चौथ्या महिन्यात एका दुपारी तो सरपटत गेला, गडू शोधून आणला आणि आईच्या मांडीवर ठेवला. ऊन फार होते, त्याला आंघोळ हवी होती. ‘त्याले आता समजते बाई, आन् सांगताबी येते,’ असे ती म्हणाली. त्या दिवसापासून गडू तिनेच सांभाळला.

या पद्धतीत हाताखाली हात ठेवण्याला फार महत्त्व आहे. मुलाचे मनगट धरून त्याच्याकडून काही करवून घेणे म्हणजे पाहणाऱ्या मुलाचे डोके धरून वळवण्यासारखे आहे. कार्यकर्त्याचा हात खाली आणि मुलाचा वर असला, तर भाकरी थापताना, शेंगा सोलताना किंवा शेळीच्या पाठीवर हात फिरवताना त्याला हालचाल कळते आणि नको वाटले तर हात काढून घेता येतो. कार्यकर्ता येणार असेल, तर पहिल्याच भेटीत त्याचा हात कुठे आहे ते पाहा. हेलन केलरकडे १८८७ साली ॲन सुलिव्हन राहायला गेल्या, तेव्हा त्यांनी हातावर बोटांच्या खुणांनी अक्षरे देत शब्द दिले आणि पंपाच्या धारेखाली ‘पाणी’ हा शब्द हेलनला उमगला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामागे एकाच व्यक्तीची दिवसरात्रीची सोबत होती, हे मात्र आपण विसरतो.

घरी येऊन केलेल्या या कामाची उणीव नेमकी इथे आहे. समग्र शिक्षा अभियानाच्या विशेष शिक्षकाकडे तालुक्यातील अनेक गावांची मुले असतात. आठवड्यातून एक भेट झाली तरी चांगली म्हणावी लागते, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तीही चुकते. स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता जास्त वेळ देऊ शकतो, पण निधी संपला की तो जातो. एका घरी वर्षभरात तीन वेगवेगळे कार्यकर्ते पाठवले गेलेले मी पाहिले आहे. माझ्या मनगटावरचे कडे चाचपून मूल मला ओळखते. नवा माणूस आला की ओळख, विश्वास, खुणा सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मूल तेवढा जीव लावायला तयार नसते. म्हणून आठवड्याचे तास कमी असले तरी चालतील, पण येणारी व्यक्ती निदान दोन वर्षे तीच राहील का, आणि भेटीच्या वेळी घरचे कोणी शेजारी बसून शिकेल का, या दोन गोष्टींचा शब्द घ्यावा. घरच्यांनी शिकलेले उरलेल्या सहा दिवसांत चालू राहते. कापूस वेचणीच्या दिवसांत सगळे घर शेतात असते, तेव्हा आजीला किंवा मोठ्या बहिणीला आधीच तयार केलेले बरे. बहिणीची शाळा मात्र यासाठी बुडवू नये.

निवासी शाळेची बाजूही तितकीच खरी आहे. मुंबईत १९७७ साली सुरू झालेली हेलन केलर इन्स्टिट्यूट ही बधिरांधांसाठी काम करणारी देशातील पहिली संस्था मानली जाते. अशा शाळेत रोज अनेक तास प्रशिक्षित माणसे मिळतात, ब्रेल आणि स्पर्शाची सांकेतिक भाषा शिकण्याची सोय असते, आणि आपल्यासारखी दुसरी मुले भेटतात. खेड्यात ही शेवटची गोष्ट कधीच मिळत नाही. पण नागपूरहून मुंबई रेल्वेने आठशे किलोमीटरहून अधिक आहे. दिवाळीत घरी आलेले मूल हातावर भराभर खुणा करते आणि घरात एकालाही त्या कळत नाहीत, तेव्हा ते पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसते. शाळा पालकांना वर्षातून काही दिवस ठेवून घेऊन शिकवत असेल आणि घरातील एकाला जाणे शक्य असेल, तरच हा मार्ग पूर्ण उपयोगी पडतो. सहा वर्षांखालील मुलाला इतक्या दूर ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. आठ-दहा वर्षांचे, खुणांची भूक लागलेले आणि घरच्या शिकवण्यापुढे निघून गेलेले मूल असेल, तर ते अडवून धरू नये.

जवळच्या अंध किंवा कर्णबधिर शाळेचा विचारही पुष्कळ जण करतात. वरोऱ्याच्या आनंदवनात या दोन्ही प्रकारच्या शाळा आहेत, आणि इतरही जिल्ह्यांत अशा शाळा आहेत. अंध शाळेचा सगळा अभ्यास कानावर चालतो आणि कर्णबधिर शाळेचा डोळ्यांवर. श्रवणयंत्र लावून बोलणे बऱ्यापैकी कळत असेल तर अंध शाळा, आणि चष्म्याने हातभर अंतरावरच्या खुणा दिसत असतील तर पुढच्या बाकावर, पाठीमागून उजेड येईल अशा जागी बसवणारी कर्णबधिर शाळा निभावून नेऊ शकते. दोन्ही फारच कमी असेल, तर मूल तिथे फक्त बसून राहील. गावच्या जिल्हा परिषद शाळेत नाव मात्र घालावेच. ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, खिचडीच्या वेळी इतर मुलांत बसणे होते आणि विशेष शिक्षकाची भेट कागदावर राहते.

मोठ्या वयात दोष वाढत गेला असेल, तर तुलना वेगळी होते. जन्मापासून कर्णबधिर असलेल्या तरुणाला संध्याकाळी ठेचा लागू लागल्या की घरचे त्याला रातांधळेपणा समजून गाजर खाऊ घालतात. तो उशर सिंड्रोम असू शकतो आणि त्यात नजर वर्षानुवर्षे कडेने आक्रसत जाते. अशा व्यक्तीला भाषा आधीच येत असते. तिला बँकेत, बाजारात, डॉक्टरकडे सोबत येणारा, आजूबाजूला काय चालले आहे ते तळहातावर अक्षरे लिहून सांगणारा माणूस हवा असतो, आणि तो गावातलाच असलेला उत्तम. ग्रामपंचायतीने स्वनिधीतील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. त्या निधीतून मदत मागणारा अर्ज ग्रामसभेत लेखी द्यावा.

निवासी शाळेकडे मन झुकत असेल, तर नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याची वाट पाहू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, शाळा भरलेली असताना, मुलाला घेऊन दोन दिवस तिथे राहून या. सोबत त्याचा घरचा गडू न्या, तो कशासाठी आहे ते तिथल्या शिक्षकांना सांगा, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीआधी तो मुलाच्या हाती कोणी आठवणीने देते का, ते पाहा.